ओल्या रानातला रोटर: यळ्ळूर शिवारातल्या दीड एकर मसुराचं प्रकरण

बेळगाव शहराच्या दक्षिणेला शहापूर, वडगाव, यळ्ळूर, धामणे या बाजूला काळ्या, चिकट जमिनीचं शिवार आहे. बळ्ळारी नाल्याच्या आजूबाजूची रानं तर पावसाळाभर पाण्याखालीच म्हटली तरी चालेल. खरिपात इथं भात, आणि भाताची सुगी आटोपली की मागच्या ओलीवर मसूर, वाटाणा, हरभरा. बहुतेक ठिकाणी या कडधान्याला पाणी देत नाहीत. पावसाळ्यानं जमिनीच्या पोटात जे ठेवलंय त्यावरच तीन-साडेतीन महिन्यांचं पीक उभं राहायचं असतं. म्हणून भाताची कापणी आणि मसुराची पेरणी यांमधले पंधरा-वीस दिवस या शिवारात सगळ्यात मोलाचे. चूक होते तीही याच दिवसांत.

खाली मांडलेला प्रसंग सुगीत अवकाळी पाऊस झाला की कुठल्या ना कुठल्या बांधावर घडतोच. समजायला सोपं जावं म्हणून तो बांधाला बांध लागून असलेल्या दोन रानांवर घेतला आहे. दोन्ही दीड-दीड एकराची, माती एकच, दोन्हीकडे भात एकाच आठवड्यात कापलेलं. माणसं आणि दिवस प्रातिनिधिक धरावेत.

तिसरा दिवस

नोव्हेंबरच्या मध्याला भात कापून, मळून झालं. पिंजर, म्हणजे भाताचा पेंढा, गंजीला लागलं. त्यानंतर आभाळ भरून आलं आणि सलग दोन रात्री चांगला पाऊस झाला. मग लख्ख ऊन. पाऊस थांबल्याच्या तिसऱ्या दिवशी रान वरून पांढुरकं दिसायला लागलं, धसकटं वाळली, चपलेला माती जेमतेम चिकटत होती. त्याच सकाळी ट्रॅक्टरवाल्याचा फोन आला. "आजच मारून घ्या काका, उद्यापासून गाडी धामण्याला हाय. मग आठ दिवस काय मिळायची नाय."

काकांनी होकार दिला. त्यांना उतावीळ म्हणणं बरोबर नाही. सुगीत सगळ्यांना एकाच वेळी ट्रॅक्टर लागतो, नंबर गेला तर खरंच आठवडा जातो. तुळशीचं लग्न झालं की घराघरांतली लग्नं सुरू होतात आणि गडी मिळत नाहीत. शिवाय ओल उडून जाईल ही भीती असतेच, आणि ती खोटी नाही. चूक फक्त एकाच जागी झाली. रान तयार आहे की नाही हे त्यांनी वरच्या बोटभर मातीवरून ठरवलं. त्या बोटभर थराखाली रान लोण्यासारखं मऊ होतं.

पंचेचाळीस एचपीचा ट्रॅक्टर, मागं सहा फुटी रोटर, म्हणजे फिरत्या पात्यांनी माती घुसळणारं अवजार. पहिल्या फेरीत माती भुसभुशीत व्हायच्या ऐवजी पट्ट्या-पट्ट्यांनी पडत गेली. कापलेली बाजू तासल्यासारखी चकाकत होती. मागची चाकं घसरत होती, टायरच्या नक्षीत माती बसून टायर गुळगुळीत झाले होते. इथंच गाडी बांधावर उभी करायला हवी होती. ट्रॅक्टरवाल्यानं गिअर खाली आणून रेस वाढवली आणि रान पुरं केलं. दोन दिवसांनी पट्ट्या वाळून मुठीएवढी ढेकळं झाली. ती फोडायला दुसऱ्या गावाहून गाडी बोलावून रोटर पुन्हा उभा-आडवा मारला. ढेकळं फुटली नाहीत, घासून गोल झाली. वर धुरळा, खाली गोटे, आणि मधली ओल तीन फेऱ्यांत वाऱ्यावर गेलेली.

सहाव्या दिवशी पेरणी झाली. ढेकळांत उगवण कमी येणार हे दिसत होतंच, म्हणून बी वाढवलं. मसुराला एकरी बारा ते सोळा किलो बी पुरतं, इथं वीसच्या पुढं गेलं. दोन आठवड्यांनी पाहिलं तर ओळी तुटक होत्या. जिथं बी दोन ढेकळांच्या पोकळीत पडलं तिथं ते तसंच कोरडं. मसुराच्या दाण्याला उगवण्यासाठी जवळजवळ स्वतःच्या वजनाएवढं पाणी शोषावं लागतं, आणि ते दाण्याला चारी बाजूंनी माती चिकटली तरच मिळतं. बी दुप्पट टाकलं तरी पोकळी पोकळीच राहते.

मग विहिरीचं पाणी सोडलं. ढेकळांचा वरचा भाग विरघळून रानावर पापुद्रा धरला. मसुराच्या डाळिंब्या, म्हणजे दाण्याची दोन दलं, जमिनीतच राहतात आणि वर येतो तो नाजूक कोंब. पापुद्र्याखाली तो आडवा होऊन पिवळा पडतो. जे उगवलं त्यातलं काही बुंध्याशी कुजलं. अर्धवट कुजलेलं धसकट आणि वरून साचलेली ओल म्हणजे कॉलर कुजीच्या बुरशीला आयतं आमंत्रण.

इथपर्यंत ट्रॅक्टर तीनदा, बी दीडपट, वर पाणी, आणि प्रत्येक खर्च आधीच्या खर्चाची चूक झाकायला केलेला. जोर लावून केलेल्या कामाची ही ठरलेली खूण आहे: एक फेरी कमी पडली म्हणून दुसरी, दुसरीनं बिघडलं म्हणून तिसरी.

ओल्या मातीवर जोर लावला की काय होतं

काळ्या मातीतले चिकण कण चपट्या पापुद्र्यांसारखे असतात. पाणी लागलं की त्यांच्यामध्ये पाणी शिरून माती फुगते, वाळली की आकसते आणि भेगा पडतात. मातीचा रवा, म्हणजे दाणेदारपणा, या कणांच्या बारीक गुठळ्यांमुळे असतो. त्या गुठळ्यांमधल्या पोकळीतून हवा आणि मुळं जातात.

माती पार ओली असताना तिच्यावर वजन आलं की गुठळ्या दाबल्या जातात, चपटे कण एकमेकांवर सरकून एका दिशेनं बसतात आणि पोकळी बुजते. फावड्याचा काप चकाकतो तो यामुळेच. आता ही माती वाळेल तशी आकसत जाते, पण मधे पोकळी नसल्यानं विटेसारखी एकसंध घट्ट होते. म्हणून ओलेपणी जी माती बोटानं दाबता येत होती तीच चार दिवसांनी हातोडीला दाद देत नाही. या दोन टोकांच्या मधे एक अवस्था येते. ओल कणांना धरून ठेवण्याइतकी असते, चिकटवण्याइतकी नसते. तेव्हा कुळवाचा धक्का लागला की माती आपल्याच सांध्यांवर फुटते. हीच घात, हाच वाफसा. त्या दिवशी बैलजोडी जे करते ते त्याआधी किंवा त्यानंतर पन्नास एचपीला जमत नाही.

रोटरनं दुसरं एक नुकसान होतं, ते वरून दिसत नाही. पाती एकाच खोलीवर, चार ते सहा इंचांवर, फिरत राहतात. ओल्या रानात पात्यांचं टोक तिथली माती घासून गिलावा करतं. त्यावर ट्रॅक्टरचं वजन. वाळल्यावर त्या खोलीला तवा, म्हणजे घट्ट कडक थर, धरतो. मसुराचं सोटमूळ तव्यावर आपटून आडवं वळतं. ज्या पिकानं पोटातली ओल पिऊन जगायचं, त्याची खाली जायची वाटच बंद होते. जानेवारीत वरची चार इंच माती सुकली की खाली ओल असूनही रोपं माना टाकतात. शेतकरी म्हणतो यंदा मसुराला ओल कमी पडली. ओल होती, पण तिथवर मूळ पोचलं नाही.

रोटर रान लव्हाळ्यानंही भरतो. गाठी कापून तो सगळीकडे पसरवतो आणि ओल्या मातीत प्रत्येक तुकडा फुटतो. ज्या रानात लव्हाळा आहे तिथं पेरणीआधी रोटर नकोच.

इथं एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. खानापूरच्या बाजूला जुलैत रोप लावणीसाठी आपण चिखलणी करतो, तेव्हा मुद्दाम हेच करतो: भरल्या पाण्यात माती घोळून तिचा रवा मोडतो, खाली तवा धरू देतो, म्हणजे पाणी मुरत नाही. भाताला ते हवंच असतं. एप्रिल-मेत कोरडी नांगरट करून मोठी ढेकळं उलथून टाकतो, तेही योग्यच, कारण ती फोडायला उन्हाळ्याचं ऊन आणि वळवाचा पाऊस पुढं उभा असतो. तीच चिखलणी आणि तीच ढेकळं नोव्हेंबरात मात्र नुकसान करतात. अवजार वाईट नाही, नांगरही वाईट नाही. काम जुलैचं होतं, ते नोव्हेंबरात केलं.

बांधापलीकडचं रान

शेजारच्या रानात तिसऱ्या दिवशी काहीच झालं नाही असं रस्त्यावरून वाटलं असतं. प्रत्यक्षात तिथं बरंच काम चाललं होतं. धसकटं आणि उरलंसुरलं पिंजर गोळा करून काढलं, म्हणजे ऊन-वारा सरळ मातीला लागला. खालच्या कोपऱ्यात पाणी तुंबलं होतं, तिथून बांधाच्या कडेनं वीतभर खोल चर काढून ते नाल्याला लावलं. घरी बी निवडलं. थांबणं म्हणजे हातावर हात ठेवून बसणं असा समज असतो, पण हा चर काढला नसता तर त्या कोपऱ्याला घात यायला आणखी चार दिवस लागले असते.

रोज दुपारी एकच परीक्षा. वरचा सुका थर बाजूला सारायचा आणि कुदळीनं चार-पाच इंच खालची मूठभर माती घ्यायची. रानात निदान पाच ठिकाणची: मधली, दोन्ही टोकांची, बांधाकडची, सखल जागेतली. ती तळहातांमध्ये वळून वात करायची. तीन मिलिमीटरपर्यंत, म्हणजे साधारण तुरीच्या बारीक काडीएवढी वात न तुटता होत असेल तर रान अजून ओलं. वळता वळता तुकडे पडायला लागले की घात जवळ आली. मग त्याच मातीचा लिंबाएवढा गोळा करून कमरेच्या उंचीवरून कठीण जागेवर टाकायचा. चपटा झाला तर थांबा. फुटून रवाळ तुकडे झाले तर औत जोडा. गोळाच होत नसेल, माती मुठीतून सुटी गळत असेल, तर उशीर व्हायला लागला आहे.

या परीक्षेला पैसे लागत नाहीत, वेळ लागतो पंधरा मिनिटं. तरी ती फार थोडे लोक करतात. कारण बहुतेक वेळा रान बघून कोणी ठरवत नाही, ट्रॅक्टर बघून ठरवतात.

आठव्या दिवशी वरच्या दोन तृतीयांश रानातला गोळा फुटला, सखल कोपऱ्यातला फुटला नाही. इथं सगळ्यात कठीण निर्णय असतो, कारण औत आलेलं असतं आणि एका दमात सगळं उरकावंसं वाटतं. शेजाऱ्यांनी वरचा भाग केला आणि कोपरा सोडला. तो अकराव्या दिवशी झाला. एकाच रानाला एकाच दिवशी घात येते असं नसतं, आणि कोपऱ्यासाठी सगळं रान थांबवणंही बरोबर नाही. काळ्या रानात नोव्हेंबरच्या उन्हात हा काळ जेमतेम तीन-चार दिवस टिकतो. खानापूरकडच्या तांबड्या जमिनीत पाऊस थांबल्यावर दीड-दोन दिवसांतच घात येते आणि सैल असल्यानं चूक झाली तरी इतकं नडत नाही. त्यामुळे तांबड्या रानाचा अंदाज काळ्याला लावणारा हमखास फसतो.

काम असं झालं. सकाळी दव असतं, पृष्ठभाग चिकट असतो, म्हणून दहा-साडेदहाशिवाय औत जोडलं नाही. कुळवाच्या दोन पाळ्या, दुसरी आडवी. खोली तीन इंचांच्या आसपास. लगेच त्याच दुपारी कुरीनं पेरणी. दोन ओळींत नऊ ते बारा इंच अंतर, बी दीड ते दोन इंच खोल, ओल्या मातीला टेकेल असं. पेरणीच्या मागोमाग हलकी फळी, म्हणजे बी दाबलं जातं आणि वरचा भुसा ओल झाकतो. फळी ओल्या रानावर फिरवली तर उलट पापुद्रा धरतो, म्हणून सखल कोपऱ्याला ती दुसऱ्या दिवशी फिरवली. सकाळी कुळवून ठेवलेलं रान दुसऱ्या दिवसापर्यंत पेरलं नाही तर वरची ओल गेलीच समजा. कुळवणी आणि पेरणी यांत काही तासांपलीकडं अंतर पडू देऊ नये.

बियाला आधी ट्रायकोडर्मा ही कुजीला रोखणारी बुरशी, किलोला पाच ग्रॅम, आणि मग रायझोबियम हे जिवाणू खत, दहा किलोला अडीचशे ग्रॅमचं एक पाकीट, गुळाच्या थंड पाण्यात कालवून. सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरायचं. खत एकरी एक पोतं डीएपी, पेरताना बियाच्या खाली-बाजूला. बी आणि जिवाणू खतं हंगामात होबळीच्या (तालुक्याखालच्या महसूल विभागाच्या) रयत संपर्क केंद्रात मिळतात, पण ती कापणीच्या आधी आणून ठेवावीत. घात आलेल्या दिवशी रांगेत उभं राहण्यात अर्थ नाही.

उगवण आठवड्याभरात एकसारखी आली. वीस-पंचवीस दिवसांनी एक कोळपणी, तीही हलकी ओल असताना. एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी असं म्हणतात ते काळ्या रानात तंतोतंत खरं आहे. कोळप्यानं वरची माती सुटी होते, बारीक भेगा बुजतात आणि खालची ओल वर उडून जात नाही. भेगा बोटभर रुंद झाल्यावर कोळपायला गेलं तर ढेकळं उचकटून रोपंच उपटतात. तिथंही दोन-चार दिवसांचाच प्रश्न असतो.

उशीर किती परवडतो

"थांबा" हा सल्ला अर्धाच खरा आहे. मसुराची पेरणी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापलीकडं गेली तर फुलोरा आणि दाणा भरण्याचा काळ फेब्रुवारीच्या उन्हात सापडतो. तोवर रानातली ओलही आटलेली असते. तेव्हा थांबण्याला सीमा हवी आणि ती आधीच ठरवून ठेवलेली हवी.

त्यासाठी पाच दिवसांचा हवामान अंदाज बघावा. हवामान खात्याच्या मेघदूत ॲपवर तो जिल्ह्यापुरता मिळतो. पुढं पाऊस नसेल आणि नोव्हेंबरचा तिसरा आठवडा चालू असेल तर निवांत थांबावं. पुन्हा पावसाचं चिन्ह असेल आणि महिना संपत आला असेल तर मशागतीचा नादच सोडावा. अशा वेळी वाटाणा किंवा हरभरा, न कुळवता, धसकटांच्या ओळींमधून खुरप्यानं टोकावा. दीड-दोन इंच खोल दोन दाणे, वर पायानं माती दाबायची. मजूर जास्त लागतात, पण तीन फेऱ्या रोटर आणि वाया गेलेलं बी यांच्यापुढं तो खर्च जड नाही. ज्यांच्या रानात दरवर्षीच ओल हटत नाही त्यांनी भात उभं असतानाच, कापणीच्या दहा-बारा दिवस आधी, रात्रभर भिजवलेलं मसुराचं बी फोकावं. त्या वेळी माती चिंब हवी पण पाणी साचलेलं नको. बी नेहमीच्या दीडपट घ्यावं, कारण काही वर राहून पाखरं खातात. नाल्याकाठच्या सखल रानांना ही पद्धत सगळ्यात जास्त मानवेल असं आमचं ठाम मत आहे.

ट्रॅक्टरचा प्रश्नही सोडवण्यासारखा आहे. बांधाला बांध असलेल्या चार-पाच जणांनी मिळून गाडी ठरवली आणि तारखेऐवजी "ज्याच्या रानाला आधी घात, त्याचं आधी" असं बोलून ठेवलं, तर उंचावरची रानं आधी आणि नाल्याकडची नंतर असा क्रम आपोआप लागतो. गाडीवाल्यालाही एका शिवारात सलग काम मिळतं.

बिघडलेल्या रानाचं काय करायचं

काकांच्या रानात जानेवारीत दोन गोष्टी करण्यासारख्या होत्या. तुटक ओळींमधून मसुराचं बी पुन्हा पेरणं त्यांत बसत नाही, वेळ निघून गेलेली असते. उगवलेल्या रोपांत हातानं भांगलण करून ती जगवायची, आणि पुन्हा मोकळं पाणी सोडायचं नाही. द्यायचंच झालं तर फुलोऱ्याआधी एकदा, सरीतून किंवा तुषारनं हलकं.

तवा त्या हंगामात फोडायचा नाही. आधी तो खरंच आहे का ते पाहायचं: रान ओलसर असताना करंगळीएवढी लोखंडी सळई सरळ दाबत न्यायची. पाचव्या-सहाव्या इंचाला अडली आणि जोर लावल्यावर एकदम सुटली तर तवा आहे. शंका असेल तर हातभर खड्डा खणून मुळं बघावीत. आडवी वळलेली मुळं दुसरं काही सांगत नाहीत.

तवा फोडायचा तो एप्रिल-मेत, रान पोटापर्यंत वाळल्यावर. सबसॉयलर, म्हणजे खालचा थर फोडणारं ट्रॅक्टरचं अवजार, त्याचं टोक तव्याच्या दोन इंच खालून जाईल एवढंच खोल लावावं, तवा सहा इंचांवर असेल तर आठ-नऊ इंच. वाळलेला तवा तडकतो आणि तडे बाजूला पसरतात. तेच अवजार ओल्या रानात घातलं तर फाळाएवढी एक फट पडते, दोन्ही बाजू गिलावा होतात आणि पैसे वाया जातात. दोन ओळींत अंतर खोलीच्या दीडपटीपर्यंतच, म्हणजे साधारण फूटभर ठेवावं. त्यानंतर ट्रॅक्टर-ट्रॉलीची ये-जा बांधाच्या कडेनंच ठेवावी. वळवाच्या पहिल्या पावसात काळी माती फुगेल, मग वाळून भेगाळेल, आणि दोन-तीन वेळा असं झालं की वरच्या ढेकळांचा रवा तिचा तीच परत करते. जूनमध्ये भाताच्या पेरणीआधी कुळव मारायला जाण्यापूर्वी पुन्हा तोच लिंबाएवढा गोळा करून बघायचा, सखल कोपऱ्यातला वेगळा.